दात सुंदर करून घ्यायचेत पण खुर्चीची भीती वाटतेय? सांगलीकरांसाठी पहिल्यापासून सगळं

मी सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. डॉक्टर नाहीये मी, ते आधीच क्लिअर करते, पण फोन मी घेते, अपॉइंटमेंट मी लिहिते आणि लोक कॅन्सल करतात तेव्हाची कारणंपण मलाच ऐकावी लागतात. पाहुणे आले, गाडी पंक्चर झाली, गावाकडं कुणीतरी वारलं (एकाच माणसाचे एकच काका परत परत वारले की आम्हाला कळतं ओ).

आता गंमत बघा, ज्याची दाढ ठणकतेय तो कधी कॅन्सल करत नाही, तो रात्री शटर खाली घ्यायच्या टायमालापण गालावर हात ठेवून दारात उभा असतो. कॅन्सल करतात ते पुढच्या दातांतली फट बुजवायला येणारे, दात पांढरे करून घेणारे, वेनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं पातळ कवच) नाहीतर स्माईल डिझाइन (हसू चांगलं दिसावं म्हणून पुढच्या दातांचा आकार-रंग बदलणं) वाले. कारण दुखत काहीच नाहीये, मग स्वतःच्या पायानं जाऊन, स्वतःचे पैसे घालून, सुया कशाला टोचून घ्यायच्या असं आयत्या वेळी मनात येतं. आणि दुसरी भीती तर कुणी बोलूनच दाखवत नाही, ती म्हणजे बिघडलं तर? आयुष्यभर हाच चेहरा घेऊन फिरायचंय, लोक म्हणतील "दात केलेस काय गं?", आणि ते नकली दिसले तर?

माझ्या मते ही दुसरी भीतीच मोठी असते आणि ती श्वास मोजून जात नाही, ती प्रश्न विचारून आणि आधी बघून घेऊन जाते. म्हणून खाली सुईचं कमी आणि त्याच्या आधीचं जास्त लिहिलंय.

आधी कागदावर लिहा, नक्की भीती कशाची

हसू नका, खरंच लिहा. "दातांची भीती वाटते" एवढं म्हणून डॉक्टरला काही करता येत नाही. सुईची वाटते, मशीनच्या आवाजाची वाटते, तोंडात पाणी साठून गुदमरल्यासारखं होतं, उलटी आल्यासारखं होतं, चक्कर येते, लहानपणी शाळेच्या कॅम्पमध्ये कुणीतरी जोरात दाबून धरलं होतं, डॉक्टर रागावतील म्हणून लाज वाटते, पैसे किती होतील, दिसायला कसं होईल. या प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. सुईवाल्याला आधी बधीर करायचं जेल लावून सुई देता येते, उलटीवाल्याच्या दातांचं माप तोंडात ट्रे न घालता स्कॅनरनं घेता येतं, पैसेवाल्याला लेखी अंदाज देता येतो.

लाजेबद्दल थोडं जास्त लिहिते कारण आपल्या भागात हे लै आहे. मिश्री लावणाऱ्या बायका तोंडावर पदर धरून बसतात आणि डॉक्टरनी विचारलं तर "नाही ओ, चहाचे डाग आहेत" म्हणतात. डॉक्टरला आरसा आत घातल्या घातल्या कळतं. तंबाखू, मिश्री, मावा, जे असेल ते सांगून टाका, कारण त्यानं हिरड्या भरून यायला वेळ लागतो आणि गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा असेल तर तो आधी बघायला लागतो, ते रंगरूपापेक्षा जास्त महत्त्वाचं. रागावणारे डॉक्टर असतात, नाही असं नाही, पण तसे भेटले तर सरळ दुसरीकडं जा, सांगली-मिरजेत दातांच्या दवाखान्यांना काय तोटा नाही.

फोनवर काय बोलायचं

एवढंच म्हणा: "मला भीती वाटते, पहिल्यांदा फक्त दाखवायला येणार, त्या दिवशी काही करायचं नाही." रिसेप्शनवाली हे लिहून ठेवते (निदान मी तरी ठेवते) आणि मग तुम्हाला घाईच्या वेळेत घालत नाही. संध्याकाळी सहा ते आठ बाहेर गर्दी, आत दाढ काढलेला माणूस कापूस चावत बसलेला, लहान पोर रडतंय, अशात भित्र्या माणसानं बसूच नये. सकाळची पहिली वेळ मागा. दिवसभर विचार करकरून डोकं फिरत नाही आणि डॉक्टरपण फ्रेश असतात.

कुणाला दाखवायचं हेपण विचारा. बीडीएस (दातांची पहिली पदवी) डॉक्टर हे काम करू शकतात, बरेच चांगलं करतात. पण सहा-आठ पुढच्या दातांचं मोठं काम असेल तर एमडीएस (त्याच्या पुढचं शिक्षण) केलेल्या माणसाचं मत घेतलेलं बरं, त्यात कॅप, वेनिअर, कवळी यांचे प्रोस्थोडॉन्टिस्ट वेगळे आणि दात वाकडे असतील तर तारांचे ऑर्थोडॉन्टिस्ट वेगळे. कधीकधी तारा लावून जे सरळ होईल ते दात घासून सरळ "दाखवायचं" असा शॉर्टकट सुचवला जातो. वय कमी असेल तर त्याला लगेच हो म्हणू नका, दोन्ही पर्याय विचारा.

सांगलीत भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे, कराडच्या बाजूच्या लोकांना मलकापूरचं कृष्णाचं कॉलेज जवळ. तिथं सहसा खर्च कमी येतो पण वेळ जास्त जातो, शिकणारी पोरं करतात आणि मॅडम-सर येऊन तपासतात. भित्र्या माणसाला हे चालेल का? काहींना लै चालतं, कारण पोरं हळू करतात आणि दहा वेळा विचारतात. पण हॉलमध्ये ओळीनं खुर्च्या आणि आजूबाजूला चार जण बघतायत याचंच टेन्शन येत असेल तर छोटा दवाखाना बरा.

इंजेक्शन लागणारे का, हे आधी विचारा

निम्मी भीती इथंच संपते, कारण बऱ्याच कॉस्मेटिक कामांना भूल लागतच नाही आणि लोक सुईच्या भीतीनं वर्ष वर्ष थांबलेले असतात.

दात पांढरे करणं, म्हणजे ब्लिचिंग किंवा व्हाइटनिंग, याला सुई नाही. हिरडीवर एक संरक्षक थर लावतात, गाल-ओठ बाजूला धरणारी प्लास्टिकची चौकट तोंडात बसवतात आणि दातांवर पेरॉक्साइडचं जेल लावून पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या करतात. खरा त्रास त्या प्लास्टिकच्या चौकटीचा, तोंड ताणलेलं राहतं, बोलता येत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला बोलता आलं नाही की अजून घाबरायला होतं. त्यामुळं "थांबा" ची खूण आधीच ठरवायची, ती पुढं सांगते. मधेच दातात सुईसारखी कळ येऊन जाते, काही सेकंदांची, ती काहीतरी चुकल्याची खूण नाही, आणि सहसा एक-दोन दिवसांत दात शांत होतात. ज्यांचे दात आधीच शिवशिवतात त्यांनी डॉक्टरला विचारून आधी दोन आठवडे पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट वापरायची. घरी ट्रेमध्ये कमी ताकदीचं जेल लावायचा प्रकारपण असतो, हळू होतो पण खुर्चीत तासभर बसायचं नाही. गरोदर असाल तर हे सगळं नंतर.

फट बुजवणं किंवा तुटलेला कोपरा भरणं, म्हणजे दाताच्या रंगाचं मटेरियल चिकटवायचं कॉम्पोझिट बाँडिंग, यालापण बहुतेक वेळा भूल लागत नाही, दात घासायला लागत नाही किंवा अगदी थोडा लागतो, आणि एका बैठकीत होतं. साधारण चार-आठ वर्षांनी परत करायला लागू शकतं, रंगपण पकडतं. पण पहिल्यांदा करणाऱ्या भित्र्या माणसाला मी मनातल्या मनात हेच सुचवत असते, कारण नाही आवडलं तर काढता येतं.

सिरॅमिक वेनिअरला दाताच्या पुढच्या बाजूचा ०.३ ते ०.७ मिलिमीटर थर घासतात, त्याला थोडी भूल देतात बऱ्याचदा. कॅपला दात चारी बाजूंनी घासायला लागतो, भूल लागतेच (आधी रूट कॅनॉल झालेलं असेल तर गोष्ट वेगळी). हिरडीचा आकार बदलायचा असेल तरी भूल. आणि घासलेला दात परत येत नाही, हे लक्षात ठेवा. वेनिअर दहा-पंधरा वर्षं टिकतं, कधी जास्त, पण मग त्या जागी दुसरं बसवावंच लागतं. हे ऐकून जर पोटात गोळा आला तर तो गोळा बरोबर आलाय, त्याला दाबू नका, विचार करायला वेळ घ्या.

रील्समध्ये जे दात घासून घासून उंदराच्या दातासारखे टोकदार केलेले दाखवतात आणि खाली "वेनिअर" लिहिलेलं असतं, ते वेनिअर नसतं, ते पूर्ण कॅपचं घासणं असतं. आमच्याकडं निम्मे लोक तेच बघून येतात आणि तोच प्रश्न विचारतात.

पहिली भेट: फक्त बघायचं आणि विचारायचं

या दिवशी फोटो, एक्स-रे, हिरड्यांची तपासणी एवढं होतं. कीड असेल, हिरडीतून रक्त येत असेल तर ते आधी नीट करायला लागतं, त्यावर वेनिअर चिकटवणारा डॉक्टर तुमचा नाही.

मग मॉक-अप मागा. ही गोष्ट लोकांना माहीतच नसते आणि बिघडलं तर या भीतीवर यासारखं औषध नाही. तुमच्या दातांचा साचा किंवा स्कॅन घेऊन त्यावर नवीन आकार बनवतात आणि तोच आकार दात न घासता, तात्पुरत्या मटेरियलनं तुमच्या तोंडात बसवून दाखवतात. थोडं जाड वाटतं कारण दात घासलेला नसतो, ते सोडून द्या, पण लांबी, आकार, हसताना किती दिसतंय हे कळतं. आरशात बघा, मोबाईलवर व्हिडिओ काढा, नुसता फोटो नको. आणि बोलून बघा. पुढच्या दातांची लांबी बदलली की "स", "फ", "व" हेच आवाज आधी गडबडतात, म्हणून मी लोकांना सांगते, "सांगली, सातारा, फलटण, विटा" असं एसटी स्टँडवरच्या अनाउन्सरसारखं दोन-चारदा म्हणा. शिट्टी वाजली किंवा खालच्या ओठावर दात आपटला तर डॉक्टरला तिथंच सांगा. थोडा फरक आठवड्याभरात सवयीनं जातो, जास्त असेल तर आकारच बदलायला लागतो.

सगळे दवाखाने मॉक-अप देत नाहीत. एका दाताच्या कोपऱ्यासाठी त्याची गरजपण नसते. पण सहा-आठ वेनिअरचं काम आणि मॉक-अप नाही, वर "माझ्यावर सोडा" म्हणत असतील, तर मी माझ्या बहिणीला तिथं पाठवणार नाही.

रंग निवडताना पण घाई नको. नेहमीच्या शेड गाइडवर (दातांच्या रंगांचे नमुने लावलेली पट्टी) सोळा रंग असतात, ए वन पासून डी फोर पर्यंत, आणि त्याच्या पलीकडं ब्लीचचे अजून पांढरे. सगळे बोट सगळ्यात पांढऱ्यावरच ठेवतात. रंग खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बघायचा, गडद लिपस्टिक पुसून, आणि सगळ्यात आधी बघायचा, कारण तोंड उघडं ठेवून दात सुकले की ते थोडा वेळ जास्त पांढरे दिसतात आणि मग घरी गेल्यावर "दवाखान्यात तर वेगळं दिसत होतं" असं होतं. डोळ्यातल्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरे झाले की लांबून ओळखू येतात, एवढं धरून चाला. अजून एक, ब्लिचिंगनं जुन्या कॅपचा किंवा दातात भरलेल्या सिमेंटचा रंग बदलत नाही, त्यामुळं दोन्ही करायचं असेल तर ब्लिचिंग आधी, रंग स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे जाऊ द्यायचे, मग बाकीचं.

पैशाचं टेन्शन असेल तर ते तोंडानं नका विचारू, लिहून मागा. दर दाताला किती, तात्पुरत्या दातांचे वेगळे आहेत का, तुटलं तर काय, वॉरंटी कार्ड मिळतं का, पैसे टप्प्यानं चालतील का. मेडिक्लेममध्ये सौंदर्याचं काम सहसा बसत नाही. आणि "आजच बुक केलं तर डिस्काउंट" ऐकलं की पर्स बंद करून घरी या. हे तातडीचं काम नाहीये, त्यामुळं "विचार करून सांगते" म्हणायला तुम्हाला कुणीच अडवू शकत नाही, आणि हे एकदा मनात पक्कं बसलं की अर्ध्याहून जास्त लोक खरंच शांत होतात, मी समोर बसून बघते.

मधली पायरी: साधं क्लीनिंग करून घ्या

मोठ्या कामाच्या आधी दात साफ करून घ्यायलाच लागतात, तर त्याचीच प्रॅक्टिस करा. तीच खुर्ची, तोच लाईट, तेच पाणी आणि सक्शन (तोंडातलं पाणी ओढून घेणारी नळी), सुई नाही. आवाज ऐकून घ्या, डॉक्टर थांबतात का बघा, तुम्हाला तोंड किती वेळ उघडं ठेवता येतं ते कळतं. क्लीनिंगनं दात हलायला लागतात असं आपल्याकडं घराघरात सांगतात, तसं नसतं, दाताला चिकटलेला दगडासारखा थर निघाला की त्यानं झाकलेली फट मोकळी दिसते. मिश्रीवाल्या काही काकूंचं तर क्लीनिंग आणि पॉलिशवरच समाधान होतं आणि ब्लिचिंगचे पैसे वाचतात.

तारीख ठरवताना

उपवासाच्या दिवशी नको. सांगलीत गणपतीची संकष्टी धरणारे लै, त्यात गुरुवार, एकादशी, नवरात्र, आणि नेमके सुट्टी म्हणून तेव्हाच येतात. भुलीचं इंजेक्शन रिकाम्या पोटी घेतलं आणि त्यात भीती असली की डोळ्यांपुढं अंधारी येते. पोहे, उपमा, भाकरी जे रोजचं असेल ते दीड-दोन तास आधी खाऊन या. (मात्र गुंगीचं औषध घेणार असाल तर उपाशी राहायचं की नाही हे डॉक्टर सांगतील तसं.)

सर्दीनं नाक चोंदलं असेल तर सरळ फोन करून पुढं ढकला. तोंड उघडं असताना सगळा श्वास नाकानंच घ्यायचा असतो, नाक बंद असेल तर धाडसी माणूसपण घाबरेल.

लग्न असेल तर दोन-तीन महिने आधी सुरू करा. हळदीच्या आठ दिवस आधी येऊन "मॅडम सगळं करून द्या" म्हणणाऱ्या नवऱ्या मुली दरवर्षी येतात, त्यांचं अर्ध टेन्शन दातांचं नसतंच, कॅलेंडरचं असतं. लॅबमधून दात यायला वेळ लागतो, आला तो पसंत पडला नाही तर परत पाठवायला लागतो, त्याला जागा ठेवा.

आदला दिवस

मोबाईलवर दातांचे व्हिडिओ बघणं बंद. बीपी, शुगरच्या गोळ्या रोजच्यासारख्या घ्या, "आज दवाखान्यात जायचंय म्हणून नाही घेतली" हे करू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, दोन्ही डॉक्टरांना विचारायचं. कुठल्या औषधाची ॲलर्जी, हार्टचा त्रास, आधी कधी इंजेक्शननंतर काही झालंय का, हे चिठ्ठीवर लिहून आणा, खुर्चीत बसल्यावर आठवत नाही. शेजारणीची झोपेची गोळी अर्धी करून घेऊन येणारेपण भेटलेत, हे प्लीज नको.

सकाळी चहा एकच कप. तीन कप चहा पिऊन छाती धडधडायला लागली की ती भीतीच वाटते.

सोबत एकच माणूस आणा आणि तो गप्प बसणारा असावा. "काय होत नाय, एवढं काय घाबरायचं" म्हणणारा नवरा किंवा स्वतःच्या रूट कॅनॉलची कथा सांगणारी जाऊबाई, दोघांनाही घरी ठेवा.

खुर्चीत बसल्यावर

बसल्या बसल्या खूण ठरवा. डॉक्टर बहुतेक उजव्या बाजूला बसतात, म्हणून डावा हात वर केला की थांबायचं. एकदा मुद्दाम, काही होत नसताना हात वर करून बघा. ते थांबले की पोटातला निम्मा गोळा विरघळतो. लांब काम असेल तर मध्ये ब्रेक मागा, जबडा आखडतो. तोंड उघडं ठेवायला रबराचा ठोकळा मिळतो, तो दाढेत ठेवला की स्नायूंना ताण कमी पडतो.

सुईचं असं असतं. आधी हिरडी सुकवून बधीर करायचं जेल किंवा स्प्रे लावतात, त्याला एक-दोन मिनिटं द्यायची, लगेच टोचलं तर उपयोग कमी. पुढच्या वरच्या दातांना, नाकाखाली, सुई जास्त जाणवते, हे खरं आहे, खोटं कशाला सांगू. पण कळ सुईपेक्षा औषध जोरात आत ढकलल्यानं जास्त येते, म्हणून "डॉक्टर, हळू द्या" हे वाक्य पाठ करून या. सुई बघायची नाही, डोळे मिटा, पायाची बोटं हलवत रहा.

आणि ही गोष्ट आधी माहीत नसली की लोक हमखास घाबरतात: इंजेक्शननंतर मिनिटभरात छाती धडधडते, हात थरथरतात. भुलीच्या औषधात बऱ्याचदा थोडं ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, त्यानं भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी येतं, आणि त्याचाच तो परिणाम. काही मिनिटांत उतरतो. तरी डॉक्टरला सांगा, गप्प बसून सहन करू नका, हार्टवाल्यांनी तर नक्कीच. ओठ सुजून भोपळा झालाय असं वाटतं तेपण फक्त वाटतं, पाहिजे तर आरसा मागा.

श्वास नाकानं, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेरचा लांब ठेवायचा, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

पण ज्यांना सुई किंवा रक्त बघून चक्कर येते त्यांना नुसतं सैल सोडून भागत नाही, त्यांचं बीपी खाली जातं. त्यांनी उलटं करायचं, मुठी, मांड्या, पोटऱ्या दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायच्या, चेहऱ्यावर गरम वाटेपर्यंत, मग सोडून वीस-तीस सेकंद थांबायचं आणि परत. घरी खुर्चीत बसून चार दिवस करून बघा. आणि डॉक्टरला आधी सांगा म्हणजे खुर्ची आडवी करूनच सुई देतात.

उलटीची भावना येणाऱ्यांनी माप घ्यायला स्कॅनर आहे का विचारा, सगळीकडं नसतो. नसेल तर मापाचा ट्रे आत असताना मान थोडी पुढं, नाकानं श्वास आणि एक पाय उचलून हवेत धरायचा, लक्ष तिकडं जातं. वेडेपणा वाटतो पण चालतो.

आवाजासाठी एका कानात हेडफोन, दुसरा डॉक्टरांसाठी मोकळा. एअरोटरचा (दात घासायच्या मशीनचा) तो किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे मशीन लाखांत फेरे मारतंय म्हणून, तुमच्या दाताला काही होतंय म्हणून नाही. भूल दिलेली असताना दाब आणि थरथर जाणवते, त्या दाताला पाणी गार लागत नाही. दुखलं मात्र, कळ आली, तर हात वर. अजून भूल देता येते, "थोडंसंच राहिलंय" ऐकून सोसत बसायचं नाही.

एवढं करूनही जमत नसेल तर

काही लोकांची भीती नुसती धाकधूक नसते, आठवडाभर झोप नाही, दवाखान्याच्या जिन्यातूनच परत. त्यांच्यासाठी नाकावाटे देतात तो नायट्रस ऑक्साइडचा गॅस असतो, माणूस जागा राहतो पण निवांत होतो, बंद केला की असर लवकर जातो. सगळ्या दवाखान्यांत नसतो, फोनवरच विचारा. डॉक्टर गोळी देऊनपण थोडी गुंगी आणू शकतात, पण मग सोबत माणूस लागतो आणि त्या दिवशी स्कूटी चालवायची नाही. भीती जुनी आणि घट्ट असेल तर समुपदेशकाकडं काही बैठका घेऊन ती खरंच कमी होते, आणि त्यात लाजायचं काय.

एक नाजूक गोष्ट, दात करून झाले, परत बदलून झाले, सगळे चांगलं म्हणतायत पण तुम्ही दिवसभर आरशातच आहात, अशी अवस्था असेल तर तिसऱ्यांदा दात बदलण्याआधी मनाच्या डॉक्टरला भेटा.

काम झाल्यावर

भूल दोन-चार तास राहते. ती उतरेपर्यंत गरम चहा नको, मिसळ नको, ओठ चावला जातो आणि कळतपण नाही, संध्याकाळी सुजतो.

ब्लिचिंगनंतर बहुतेक डॉक्टर दोन दिवस रंगाचं काही खाऊ नका म्हणतात, आणि आपल्या हळदीच्या गावात हे अवघड काम आहे, भाजीत हळद, आमटीत हळद. दहीभात, दूधभात, इडली, केळी, साधी भाकरी आणि ताक यावर दोन दिवस निघतात. चहा आणि तांबडा रस्सा बंद. हळद न घातलेला पांढरा चालेल, पण कोमट, गरम लागला तर दात सळसळतील. सिगारेट, तंबाखू, मिश्री अर्थातच नाही.

वेनिअर लॅबमधून येईपर्यंत तात्पुरते दात असतात, ते थोडे खडबडीत आणि कमी सुंदर असतात, ते बघून "असंच दिसणार काय" म्हणून रडणारे भेटतात. फायनल तसे नसतात. तात्पुरता निघाला तर घाबरू नका, डबीत ठेवा आणि फोन करा, घरच्या फेविक्विकनं चिकटवायचा नाही (हो, करतात).

बाँडिंग असो की वेनिअर, ऊस पुढच्या दातांनी सोलायचा नाही, कायमचंच. कारखाना पट्ट्यातल्या माणसाला हे सांगताना मलाच वाईट वाटतं, पण रस प्या. भडंगातले कडक दाणे दाढेनं, चिक्की नकोच, बाटलीचं झाकण दातांनी उघडायचं नाही. रात्री दात खात असाल, म्हणजे घरचे सांगत असतील तसं, तर नाईट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) करून घ्या, नाहीतर महाग सिरॅमिक झोपेत तुटतं.

भूल उतरल्यावर दात एकमेकांवर टेकवून बघा. नवीन दात आधी लागतोय, उंच वाटतोय, तर "बसेल सवयीनं" म्हणून महिनाभर थांबू नका, दुसऱ्याच दिवशी फोन करा, पाच-दहा मिनिटांचं घासणं असतं, त्याला सुई लागत नाही आणि बहुतेक ठिकाणी त्याचे पैसेपण घेत नाहीत.